साथीच्या काळात बाकीचे छातीचे आजार खरंच कमी होतात का, गावात बसून कसं ओळखायचं

कोरोना जाऊन इतकी वर्षं झाली तरी आमच्याकडं दोन प्रश्न काही जाईनात. पहिला, त्या दोन वर्षांत स्वाइन फ्लू, लेकरांचा न्यूमोनिया, साधा खोकला हे सगळं कुठं गेलं होतं, का सगळं कोरोनाच्याच नावावर खपवलं? दुसरा, जो दर पावसाळ्यात आणि पुन्हा थंडीत हमखास कानावर येतो, की कोरोनानंतर लेकरं सारखी आजारी कामून पडायलेत, लसीनं झालं का काय. मी आरोग्य केंद्रात नोंदीचं काम करतो, डॉक्टर नाही, पण ओपीडीचं रजिस्टर, पोर्टलवरचे फॉर्म, आशाताईंच्या डायऱ्या हे सगळं माझ्या हाताखालून जातं, त्यामुळं आकडा कसा वाचायचा एवढं नक्की सांगू शकतो. आशाताई, सरपंच, शाळेतले गुरुजी आणि घरात लहान लेकरू नाहीतर म्हातारं माणूस असलेलं कोणीही, सगळ्यांच्या कामाचं आहे.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा म्हणजे पुढचं सोपं जातं. मोठी साथ आली की बाकीच्या आजारांचा आकडा पडतो, पण त्यातले काही आजार खरंच कमी झालेले असतात आणि काही नुसते कमी दिसत असतात. कागदावर दोन्हीची रेघ खालीच जाते. फरक नंतर कळतो, खरंच कमी झालेला आजार बहुतेक वेळा पुढं उसळी मारून येतो आणि नुसता कमी दिसलेला घरातच मुरत बसतो, घरातल्या बाकीच्यांना लागतो, आणि कागदावर येईपर्यंत माणूस हातचा गेलेला असतो. म्हणून आकडा पडला की लगेच खूश व्हायचं नाही, आधी तो कशामुळं पडला ते बघायचं.

खरंच कमी झालेला आजार कसा असतो ते बघा

स्वाइन फ्लू घ्या. आपल्या राज्याला हा नवीन नाही, २००९ च्या ऑगस्टमध्ये देशातला पहिला मृत्यू पुण्यातच झाला होता. देशात २०१९ ला स्वाइन फ्लूचे २८,७९८ पेशंट आणि १,२१८ मृत्यू नोंदले गेले. २०२० ला पेशंट २,७५२ आणि मृत्यू ४४, त्यातही बरेचसे लॉकडाऊनच्या आधीचे. २०२१ ला ७७८ आणि १२. आणि २०२२ ला परत १३,२०२ आणि ४१०. आता कोणी म्हणेल तपासण्याच झाल्या नसतील. बरोबर शंका आहे, पण ऑस्ट्रेलियासारख्या देशात २०२० च्या त्यांच्या थंडीत फ्लूच्या तपासण्या भरपूर झाल्या आणि तरी फ्लू जवळपास सापडलाच नाही. जगभर तेच. फ्लूची एक जात, बी यामागाता, ती तर मार्च २०२० नंतर पक्की अशी कुठंच सापडलेली नाही, इतकी की २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं (डब्ल्यूएचओ) सांगितलं की आता लसीत हिची गरज नाही. म्हणजे साथ नुसती पाहुणी म्हणून येत नाही, कधी कधी जुन्या भाडेकरूला कायमचं बाहेर काढते. २००९ चा स्वाइन फ्लू (तोही एच१एन१ जातीचाच) आल्यावर त्याच्या आधीचा जुना एच१एन१ फ्लू असाच गायब झाला होता.

कारण मास्क हे एकच नाही. शाळा बंद, एसटी बंद, आठवडी बाजार बंद, लग्नं पन्नास माणसांत, विमानं जमिनीवर. फ्लूला एका गावातून दुसऱ्या गावात जायला माणूस लागतो, तो माणूसच घरात बसला. पण गंमत अशी की साध्या सर्दीचा रायनोव्हायरस काही गेला नाही, शाळा उघडल्या की लगेच हजर. त्याच्यावर चरबीचं बाहेरचं आवरण नसतं, त्यामुळं सॅनिटायझर त्याला नीट मारत नाही आणि दाराच्या कडीवर, बेंचवर तो टिकून राहतो. म्हणून त्या काळातही तुमच्या लेकराचं नाक वाहतच होतं, ते कोणी खोटं बोलत नव्हतं.

न्यूमोनियाची गोष्ट जास्त मजेशीर आहे, इथं जरा थांबतो. लेकरांच्या गंभीर न्यूमोनियाचा मोठा गुन्हेगार न्यूमोकोकस नावाचा जंतू, तो निरोगी लेकरांच्या नाकात, घशात गुपचूप राहतो. २०२० मध्ये २६ देश-प्रदेशांतल्या लॅबचा डाटा एकत्र केला तर या जंतूचे गंभीर आजार धाडकन पडलेले दिसले. पण तपासणी कमी झाली म्हणून पडले का खरंच पडले, हे ओळखायला त्या लोकांनी एक हुशारी केली, सोबत असा एक जंतू मोजला जो खोकल्यातून पसरतच नाही, तान्ह्या बाळाला बहुतेक आईकडून लागतो, ग्रुप बी स्ट्रेप. तो होता तेवढाच राहिला. लॅबच बंद असत्या तर दोन्ही पडले असते ना. आणि इस्रायलमध्ये बघितलं तर लेकरांच्या नाकात न्यूमोकोकस जवळपास पहिल्याइतकाच होता, तरी न्यूमोनिया मात्र खूप कमी. मग कमी झालं काय? तर आरएसव्ही, फ्लू, एचएमपीव्ही हे सर्दी-खोकल्याचे व्हायरस. हे आधी येऊन श्वासनळीचं अस्तर खराब करतात आणि मग नाकात बसलेला जंतू छातीत उतरतो. १९१८ च्या मानमोडीत जे लोक पटापट गेले त्यातले बहुतेक असेच, फ्लूच्या मागून आलेल्या जंतूच्या न्यूमोनियानं गेले. वाट काढून देणारा व्हायरसच नसला की जंतू नाकातच बसून राहतो.

यावरून एक कामाची गोष्ट निघते. घरात लेकराला न्यूमोनियापासून वाचवायचं तर नुसत्या जंतूच्या मागं लागून भागत नाही, मोठ्यांची सर्दी लेकरापर्यंत जाऊ न देणं हेही तेवढंच मोठं काम आहे.

नुसता कमी दिसलेला आजार

हा टीबी. देशात २०१९ ला टीबीचे २४.०४ लाख पेशंट नोंदले आणि २०२० ला १८.०५ लाख, म्हणजे चारातला एक गायब. टीबी असा वर्षात कमी होणारा आजार नाहीच, तो महिनोन् महिने, कधी वर्षं अंगात दबून राहतो. झालं असं की थुंकी तपासायच्या ज्या मशिनी होत्या, सीबीनॅट आणि ट्रूनॅट, त्या कोरोनाच्या कामाला लागल्या, कर्मचारी तिकडं, गाड्या बंद, आणि खोकला आहे म्हणून दवाखान्यात गेलो तर क्वारंटाइन करतील ही भीती सगळ्यात मोठी. लोक घरात खोकत राहिले, त्याच खोलीत नातवंडं. २०२२ ला नोंद परत २४.२ लाखांवर गेली, २०२३ ला २५.५ लाख. तेव्हा पेपरात टीबी वाढला अशी बोंब झाली, पण बराचसा भाग जुनाच होता, आता कुठं सापडायला लागला होता.

याच्या उलटही होतं. २०२० च्या एप्रिलमध्ये औरंगाबादच्या पेपरात रोज 'सारी'चे पेशंट, सारीचे मृत्यू असं यायचं आणि लोकांना वाटलं कोरोनासोबत अजून एक नवाच रोग आला. सारी हा रोगच नाही. दहा दिवसांच्या आतला ताप-खोकला आणि ॲडमिट करायची वेळ, असा कोणताही पेशंट त्या रकान्यात जातो, मग आतून फ्लू निघो, न्यूमोनिया निघो नाहीतर कोरोना. असे पेशंट आधीही दर थंडीत असायचे, पण वेगळं मोजून रोज कोणी छापत नव्हतं. तर मोजायला लागलं की आकडा वाढतो, मोजायचं थांबलं की पडतो, आजार तिथल्या तिथं.

गावाचा आकडा कसा तपासायचा

समजा तुमच्या उपकेंद्रात मागच्या हंगामात न्यूमोनियाची लेकरं चाळीस होती आणि यंदा दहा. आधी विचारा, एकूण लेकरं किती आली. ओपीडीच पाऊण रिकामी असंल तर दहा हा आकडा काहीच सांगत नाही. टीबीला थुंकीचे नमुने किती गेले आणि त्यातले पॉझिटिव्ह किती, हे दोन्ही लागतं. नमुने निम्मे आणि पॉझिटिव्हही निम्मे, तर आजार तेवढाच आहे, तुम्ही शोधायचं निम्मं केलंय, दुसरं काही नाही.

मग गंभीर पेशंट बघा. सर्दीवाला घरी बसू शकतो, पण धाप लागलेलं लेकरू आई घरी ठेवत नाही, काही करून अंबाजोगाईच्या नाहीतर घाटीच्या मोठ्या दवाखान्यात नेतेच. ओपीडी पडली आणि ॲडमिशन तेवढंच राहिलं तर आजार आहे, फक्त तुमच्या रजिस्टरमध्ये येईना झालाय. अर्थात कडक लॉकडाऊनमध्ये गंभीरही घरीच राहिले असतील, त्यासाठी घरी झालेले मृत्यू ग्रामपंचायतीच्या नोंदीत बघा, जन्म-मृत्यूचं रजिस्टर तिथंच असतं आणि आशाताईला तर तोंडपाठ असतं कोण कशानं गेलं.

तिसरं, छातीशी संबंध नसलेला एखादा आजार शेजारी ठेवा. मी साप चावलेले बघतो. पेरणीत, काढणीत साप चावतातच, साथ असो नसो, आणि साप चावला की माणूस सहसा दवाखान्यात पळतो. सापाच्या केसेस तेवढ्याच आणि न्यूमोनिया पडला, तर पडलेला खरा असायची शक्यता जास्त. दोन्ही पडले तर लोकच येत नाहीत असं समजा. परफेक्ट नाही हे, लॉकडाऊनमध्ये शेतात जाणंही कधी कमी व्हायचं, पण काहीच न बघण्यापेक्षा लाख पटीनं बरं.

अजून एक अडचण आपल्या राज्यात खास आहे. न्यूमोकोकसची लस, पीसीव्ही, महाराष्ट्रात सरकारी लसीकरणात २०२१ च्या जुलैमध्ये आली, बरोबर साथीच्या मधेच. त्यामुळं त्यानंतर न्यूमोनिया कमी दिसला तर थोडं श्रेय लसीचं, थोडं मास्कचं, आणि कुणाचं किती हे तालुक्याच्या पातळीवर वेगळं काढता येत नाही. कोणी छातीठोकपणे सांगत असंल तर त्याला रजिस्टर मागा.

नंतर जी उसळी येते तिचं काय

आमच्या तालुक्याच्या स्टँडवर एसटीच्या दोन फेऱ्या रद्द झाल्या की तिसऱ्या गाडीला दारात लटकायची पाळी येते. माणसं वाढलेली नसतात, साचलेली असतात. तेच इथं झालं. आरएसव्ही बहुतेक लेकरांना दोन वर्षांचं होईपर्यंत एकदा तरी होतोच, दोन वर्षं झाला नाही म्हणून दोन-तीन वर्षांची लेकरं एकदमच त्याच्या समोर आली, आणि पोटात असताना आईकडून जे संरक्षण मिळतं तेही कमी मिळालं कारण आयांनाही तो मधल्या काळात झाला नव्हता. अमेरिकेत आरएसव्ही थंडी सोडून २०२१ च्या उन्हाळ्यात आला, ऑस्ट्रेलियातही असाच अवेळी. आपल्याकडं २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये एच३एन२ फ्लूनं घरंच्या घरं झोपवली, खोकला तीन-तीन आठवडे. मायकोप्लाझ्मा नावाच्या जंतूचा न्यूमोनिया जवळपास तीन वर्षं दिसला नाही आणि २०२३ च्या शेवटी चीन, डेन्मार्क अशा ठिकाणी एकदम उठला. डांग्या खोकला २०२४ ला युरोपात. प्रत्येकाची परत यायची वेळ वेगळी, पण आले सगळे.

म्हणून 'कोरोनाच्या लसीनं लेकराची इम्युनिटी खराब झाली' हे मला पटत नाही. एका लेकराची ताकद कमी झाली असं नाही, गावात एकाच वेळी न झालेली लेकरं जास्त साठली. यासाठी बाजारातली इम्युनिटीची पावडर, सिरप काही कामाचं नाही, पैसे घालवू नका. २०२५ च्या जानेवारीत एचएमपीव्हीची जी घबराट झाली तीही अशीच, हा व्हायरस २००१ मध्येच शोधला गेलाय आणि त्याच्या कितीतरी आधीपासून माणसांत आहे, फक्त आता तपासणी होते आणि मोबाईलवर बातमी येते.

लस राहिली असंल तर मात्र खरा धोका आहे. डब्ल्यूएचओ-युनिसेफच्या तेव्हाच्या अंदाजानं २०२१ ला देशात सुमारे २७ लाख लेकरांना डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) असलेल्या लसीचा पहिला डोसही मिळाला नव्हता. २०२२ च्या शेवटी मुंबई, भिवंडी, मालेगावात गोवर उठला तो याच साठलेल्या लेकरांत, आणि गोवरात लेकरू जातं ते बहुतेक वेळा न्यूमोनियानं. आपल्या बीड, जालना, परभणीकडं यात भर म्हणजे ऊसतोडीला गेलेल्या घरांची लेकरं. दिवाळीच्या सुमाराला गाव सोडलं की थेट मार्च-एप्रिलला परत, मधले डोस कारखान्याच्या कोप्यांवर मिळाले तर मिळाले. त्यामुळं जाताना लसीचं कार्ड नुसतं ट्रॉलीतल्या पेटीत घालून ठेवू नका, मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा, आणि तिथल्या नर्सताईला तो दाखवला की पुढचा डोस कुठंही मिळतो. पीसीव्ही दीड महिन्याला, साडेतीन महिन्याला आणि नऊ महिन्याला. गोवराचा एक नऊ महिने झाले की आणि दुसरा सोळा महिन्यांनंतर. डांग्या खोकल्याचे पहिले तीन दीड, अडीच आणि साडेतीन महिन्याला, मग दीड वर्षाच्या आसपास आणि पाच-सहा वर्षाला बूस्टर. पाच वर्षांचं बूस्टर हमखास राहतं, तेवढं आठवणीनं बघा.

घरात काय करायचं

लेकराला खोकला आहे आणि श्वास जोरात वाटतोय, तर अंदाज लावू नका, मोजा. लेकरू रडत नसताना, पीत नसताना, आईच्या मांडीवर शांत असताना झबलं वर करा आणि पोटाकडं बघा. पोट वर आलं आणि खाली गेलं की एक. मोबाईलचं स्टॉपवॉच लावून पूर्ण एक मिनिट मोजायचं, पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही, कारण तान्हं लेकरू मधेच थांबून थांबून श्वास घेतं आणि हिशोब चुकतो. दोन महिन्यांच्या आतलं असंल आणि ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्ष ४० किंवा जास्त, तर हा जलद श्वास आहे, त्याच दिवशी दाखवा. दोन महिन्यांच्या आतल्याला परत एकदा मोजा, दुसऱ्यांदाही तेवढंच आलं तर सरळ मोठ्या दवाखान्यात. मोजता मोजता बरगड्यांच्या खालच्या कडेला बघा, श्वास आत घेताना तिथं खड्डा पडत असंल तर ते मोजण्यापेक्षाही वाईट लक्षण आहे. तसंच पीत नाही, पाजलेलं सगळं उलटून टाकतं, झटका आला, हलवलं तरी डोळे उघडत नाही, यातलं काहीही असलं तर १०८ ला फोन लावा, सकाळपर्यंत थांबू नका. कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात पडलेला असतोच, मोठ्या माणसासाठी काढा, सेल बदला, नेलपॉलिश पुसून, हात चोळून गरम करून लावा. ९४ च्या खाली जायला लागलं की दवाखाना. लेकराच्या बारक्या बोटाला मोठ्यांचं मशीन नीट बसत नाही, त्याच्यावर विसंबून राहू नका.

नाकात तेल सोडू नका, ते थेट छातीत जातं. छातीला बिब्ब्याचा चटका देऊ नका. आणि आता म्हाताऱ्या बायका माझ्यावर चिडतील पण सांगतो, बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवून दार-खिडकी लावून जी धुरी देतात ना, ती बंद करा. शेक द्यायचाच असंल तर गरम कापडानं द्या, धूर कशाला. सोयाबीनची मळणी चालू असते तेव्हाही तान्ह्याला खळ्यावर नेऊ नका.

ॲझिथ्रो (अँटिबायोटिक) आणि डेक्सा (स्टिरॉइड) या गोळ्यांची सवय कोरोनात लागली ती अजून सुटेना. ॲझिथ्रोनं कोरोनात काही फायदा होत नाही हे मोठ्या अभ्यासांत दिसलं होतं, आणि कोरोनात ॲडमिट झालेल्या शंभरातल्या दहापेक्षाही कमी लोकांना सोबत जंतूचा संसर्ग होता, तरी चारातल्या तिघांनी अँटिबायोटिक खाल्लं. डेक्सानं जीव वाचले पण ऑक्सिजन लागलेल्यांचे. साध्या खोकल्याला मेडिकलवरून डेक्साची गोळी आणून खाल्ली की दोन दिवस बरं वाटतं, शुगर चढते आणि आत टीबी असंल तर तो झाकला जाऊन पसरतो. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असंल तर गोळी नको, थुंकी द्या. सकाळचा बेडका, लाळ नाही. तपासणी फुकट, औषध फुकट, आणि उपचार चालू असेपर्यंत खात्यात महिन्याला १,००० रुपये येतात.

पुढची साथ कधीतरी येईल तेव्हा गावानं तीन कामं थांबवू द्यायची नाहीत, लसीकरणाचा वार, टीबीची थुंकी गोळा करणारी फेरी आणि आशाताईचं तान्ह्या बाळांच्या घरी जाणं. बाजार बंद ठेवा, लग्न पुढं ढकला, पण हे चालू ठेवा, ताईला मास्क द्या, लागलं तर गाडीला पेट्रोल ग्रामपंचायतीतून द्या. आणि सगळं उघडल्यावर पहिल्या दोन हंगामांत लेकरांचा वॉर्ड भरणार हे धरून पीएचसीला आधीच नेब्युलायझर, ऑक्सिजनचे लहान मास्क, अमॉक्सिसिलिनचं सिरप मागून घ्या, जुलै उजाडायच्या आत, कारण इंडेंट टाकल्यापासून माल यायला किती वेळ लागतो ते आमच्याकडं सगळ्यांना माहितीये.